मोसंबीची निवड आणि साठवण : अंबड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयाची मर्यादा

ताजे, पक्व फळ कसे निवडावे आणि ते घरात कसे राखावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. फळे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा धर्म भिन्न आहे. सर्वांविषयी एकदम बोलू गेल्यास नियम सैल होतात. म्हणून येथे एक फळ मध्यवर्ती धरले आहे, ते मोसंबी. आणि एक प्रदेश धरला आहे, तो जालना जिल्ह्यातील अंबड तालुका.

या निवडीला कारण आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील अंबड, घनसावंगी, बदनापूर हा भाग मोसंबीच्या बागांसाठी ओळखला जातो. ‘जालना मोसंबी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबी संशोधन केंद्र बदनापूरला आहे, आणि मोसंबीची मोठी बाजारपेठ असलेले पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव अंबडपासून दूर नाही. ज्या प्रदेशात फळ पिकते तेथे ते झाडावर, बाजारात आणि घरात अशा तिन्ही अवस्थांत पाहता येते. विवेचनाला ही सोय आवश्यक आहे. सीताफळ, आंबा आणि केळी यांचा उल्लेख केवळ तुलनेपुरता येईल.

२. व्याख्या

मोसंबी म्हणजे वनस्पतिशास्त्रात ज्याला सिट्रस सायनेन्सिस म्हणतात त्या जातीचे फळ. मोझांबिक या देशनामावरून हे नाव आले, असे मानले जाते. नागपुरी संत्रे ही वेगळी जात आहे. संत्र्याची साल गरापासून सुटी असते. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते. साठवणीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. घट्ट साल दाब व हाताळणी अधिक सहन करते, म्हणून मोसंबी संत्र्यापेक्षा टिकाऊ ठरते.

फळाच्या आयुष्यातील अवस्थांना मराठीत नेमके शब्द आहेत आणि ते शास्त्रीय परिभाषेच्या तोडीचे आहेत. (१) कोवळे : ज्याची वाढ चालू आहे असे. (२) जून : ज्याची वाढ पूर्ण झाली आहे असे. (३) पाडाला आलेले : जे पिकण्याच्या उंबरठ्यावर आहे असे. (४) पिकलेले : ज्याचा रंग, गंध, रस आणि मऊपणा खाण्यास योग्य झाला आहे असे. (५) उतरलेले : ज्याचा उत्कर्ष संपून ऱ्हास सुरू झाला आहे असे. यांपैकी ‘जून’ आणि ‘पिकलेले’ या दोन अवस्थांची गल्लत झाल्याने निवडीतील बहुतेक चुका होतात.

निवड म्हणजे फळ या पाचांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखणे आणि त्याच्या अंगी कोणता दोष आहे ते पारखणे. साठवण म्हणजे ऱ्हासाची गती कमी करणे. ऱ्हास पूर्णपणे थांबवणे कोणत्याही साधनाने शक्य नाही, कारण तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते, पाणी सोडते आणि स्वतःतील साठा खर्च करते. झाडावर असताना हा खर्च झाड भरून काढते. तोडणीनंतर आवक बंद होते आणि खर्च चालू राहतो.

३. फळांचे दोन वर्ग

तोडणीनंतरच्या वर्तनावरून फळांचे दोन वर्ग होतात.

पहिला वर्ग पश्चात्पक्व फळांचा. जून अवस्थेत तोडल्यावर ही फळे घरात पिकतात. आंबा, केळी, सीताफळ, पपई, चिकू ही या वर्गातली. पिकताना त्यांचे श्वसन एकदम वाढते, त्यांच्यातून इथिलीन हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि त्यांपैकी अनेकांत साठलेल्या पिष्टाची साखर होते. अढी घालण्याची रीत याच धर्मावर उभी आहे : गवतात दडपलेल्या आंब्यांची ऊब आणि त्यांचाच इथिलीन कोंडला जातो, आणि सर्व फळे एकदम पिकतात.

दुसरा वर्ग वृक्षपक्व फळांचा. ही फळे झाडावरच पिकतात. मोसंबी, संत्रे, लिंबू, द्राक्ष, डाळिंब ही या वर्गातली. मोसंबीच्या गरात पिष्टाचा साठा नसतो. म्हणून तोडल्यावर तिच्यात नवी साखर निर्माण होण्याचा मार्गच उरत नाही.

या भेदातून तीन सिद्धांत निघतात. (१) पश्चात्पक्व फळाच्या बाबतीत निवडीतील चूक काही अंशी घरात दुरुस्त होते; मोसंबीच्या बाबतीत होत नाही. (२) सीताफळ घेताना ते कधी खायचे याचा विचार करून अवस्था निवडावी लागते. मोसंबी घेताना एकच अवस्था ग्राह्य, ती म्हणजे पिकलेली. (३) मोसंबी घरात ठेवल्याने गुणात काहीही वाढ होत नाही. प्रत्येक दिवस वजाबाकीचा असतो. यावरून असे ठरते की मोसंबीची निवड हाच तिच्या साठवणीचा पहिला टप्पा आहे.

४. रंग हे प्रमाण का नव्हे

मोसंबी पारखताना ग्राहक प्रथम रंग पाहतो. म्हणून या लक्षणाचा विचार आधी केला पाहिजे.

मराठवाड्यात मोसंबीचे दोन बहार प्रमुख आहेत. आंबिया बहाराची फुले जानेवारी–फेब्रुवारीत येतात आणि फळे साधारणपणे ऑगस्टपासून ऑक्टोबर–नोव्हेंबरपर्यंत उतरतात. मृग बहाराची फुले जून–जुलैत येतात आणि फळे मार्च–एप्रिलच्या सुमारास मिळतात.

सालीतील हरितद्रव्य नष्ट होऊन पिवळा रंग उघडा पडण्यासाठी लिंबूवर्गीय फळांना थंड रात्री लागतात. रात्रीचे तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की हा बदल वेगाने होतो. भाद्रपद–आश्विनात अंबडच्या रात्री इतक्या थंड नसतात. त्यामुळे आंबिया बहाराची मोसंबी आतून पूर्ण पिकली तरी बाहेरून हिरवी किंवा पिवळसर हिरवी राहते. मृग बहाराची फळे हिवाळा झाडावर काढतात, म्हणून ती अधिक पिवळी होतात. तात्पर्य, सालीच्या पिवळेपणावरून रात्री किती थंड होत्या एवढेच कळते. गराच्या गोडीशी त्याचा निश्चित संबंध नाही.

हाच मुद्दा उलट बाजूनेही सिद्ध होतो. हिरव्या मोसंबीला इथिलीन वायू दिल्यास साल पिवळी होते, परंतु गरातील साखर वाढत नाही. अशा फळाचा पिवळेपणा डोळ्यांना समाधान देतो, जिभेला देत नाही. फळे कॅल्शियम कार्बाइडच्या वायूने पिकवण्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील २०११ च्या विनियमांनी बंदी आहे. या पदार्थात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात आणि ते आरोग्याला अपायकारक आहेत. ग्राहक पिवळ्या रंगाचा आग्रह धरतो तोवर बाजारात रंग चढवण्याचे आमिष राहते. हिरवी, पण पिकलेली मोसंबी ओळखता आली की ते कमी होते.

५. पक्वतेची ग्राह्य लक्षणे

रंग दुय्यम ठरल्यावर चार लक्षणे उरतात. त्यांचा क्रम विश्वसनीयतेनुसार दिला आहे.

पहिले लक्षण वजन. सारख्या आकाराची दोन फळे दोन तळहातांवर घ्यावीत, डोळे क्षणभर मिटावेत आणि हात किंचित वरखाली करून तोलावे. जे जड लागेल ते घ्यावे. कारण उघड आहे. मोसंबीच्या सालीखालचा पांढरा थर स्पंजासारखा, हवा धरून ठेवणारा असतो. रस त्याहून जड असतो. आकार समान असता वजन अधिक, याचा अर्थ साल पातळ आणि रस भरपूर. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जून आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. ही कसोटी मोसंबीला लावू नये. त्याच पांढऱ्या थरातील हवेमुळे उत्तम मोसंबीही पाण्यावर तरंगते.

दुसरे लक्षण सालीचा पोत. कोवळ्या फळाची साल जाड, खरबरीत आणि गडद हिरवी असते. तिच्यावरील तैलग्रंथी बोटाला दाणेदार लागतात. फळ पिकत जाते तशी साल ताणली जाते, ग्रंथी सपाट होतात, पृष्ठभाग गुळगुळीत होऊन त्यावर मंद चकाकी येते, आणि गडद हिरव्या रंगाचा फिकट हिरवा होतो.

तिसरे लक्षण दाब. अंगठ्याने हलके दाबले असता पिकलेले फळ किंचित दबते आणि अंगठा काढताच पूर्ववत होते. अजिबात न दबणारे फळ कोवळे समजावे. दबून खळगा तसाच राहणारे फळ उतरलेले समजावे.

चौथे लक्षण देठ. देठाशी चिकटलेली पाच टोकांची चकती हिरवी आणि घट्ट असेल तर फळ नुकते तोडलेले आहे. ती तपकिरी होऊन नखाने सहज सुटत असेल तर तोडणीला बरेच दिवस झाले आहेत. हे लक्षण पक्वता दाखवीत नाही; ते ताजेपणा दाखवते. म्हणून पहिल्या तिन्हींनी पक्वता ठरवावी आणि चौथ्याने ताजेपणा.

याखेरीज फळाच्या बुडाशी दिसणारे नाण्यासारखे वर्तुळ आणि सालीवरील उभ्या रेषा ही मोसंबीच्या वाणाची ओळख आहे. पक्वतेशी त्यांचा संबंध जोडणे चुकीचे होईल.

६. दोषांचे वर्गीकरण

पक्व आणि ताजे फळही सदोष असू शकते. दोषांचे तीन वर्ग होतात, आणि प्रत्येक वर्गासाठी निर्णय वेगळा आहे.

(अ) बाह्य दोष. कोळी या अतिसूक्ष्म किडीमुळे सालीवर तपकिरी–काळसर डाग पसरतात. शेतकरी त्यास ‘मंगू’ म्हणतात. वाऱ्याने फळ फांदीला घासूनही कोरडे व्रण पडतात. अशा फळाचा भाव पडतो, पण रस त्यामुळे बिघडत नाही. लगेच खाण्यासाठी ते घेण्यास हरकत नाही. मात्र खराब झालेल्या सालीतून पाणी अधिक वेगाने जाते, म्हणून ते साठवू नये.

(आ) आंतरिक दोष. मोसंबीतील मुख्य आंतरिक दोष म्हणजे फोडींचा कोरडेपणा. रसाच्या पिशव्या कडक, फिकट आणि नीरस होतात. हा दोष देठाकडून सुरू होतो. तरुण, जोमदार झाडांच्या अतिमोठ्या, जाड सालीच्या फळांत आणि झाडावर फार काळ राहिलेल्या फळांत तो अधिक आढळतो. बाहेरून तो दिसत नाही. परंतु पहिले लक्षण, वजन, त्याला उघडे पाडते. येथून एक व्यावहारिक नियम मिळतो : ढिगातील सर्वांत मोठे फळ निवडू नये, मध्यम आकाराचे आणि आकाराच्या मानाने जड फळ निवडावे. क्रेटभर माल घ्यायचा असेल तर नमुन्याचे एक फळ आडवे, आणि तेही देठाकडील वरच्या भागात कापून पाहावे. मध्यावर कापल्यास सुरुवातीचा कोरडेपणा नजरेतून सुटतो.

(इ) संसर्गी दोष. हा वर्ग सर्वांत गंभीर आहे, कारण तो एका फळापुरता राहत नाही. त्याची तीन रूपे आहेत. एक, रस शोषणाऱ्या पतंगाचे छिद्र. हा पतंग पावसाळ्याच्या उत्तरार्धात रात्री पिकत्या फळात सोंड खुपसतो. छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते, भोवती साल मऊ आणि फिकट झालेली असते, आणि त्या जागी दाबले की रसाचा थेंब बाहेर येतो. दोन, देठाकडील कूज. चकतीभोवतीची साल तपकिरी आणि मऊ पडते. तीन, हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम. प्रथम सालीवर पाणी शोषल्यासारखा मऊ ठिपका, मग पांढरे वर्तुळ, मग त्याच्या मध्यावर हिरवट भुकटी असा तिचा क्रम आहे. ही भुकटी म्हणजे असंख्य बीजाणू. संसर्गी दोषाचे फळ कोणत्याही भावाने घेऊ नये.

७. तोडणीविषयी

अंबड परिसरात अनेक घरांत मोसंबी बाजारातून न येता थेट बागेतून येते. म्हणून तोडणीचे तीन नियम येथेच नोंदवणे योग्य.

पहिला : फळ ओढून तोडू नये, कात्रीने देठ आखूड ठेवून कापावे. ओढल्याने चकती उपटते, तेथे उघडी जखम राहते आणि कूज त्याच वाटेने आत शिरते. दुसरा : पावसानंतर किंवा दव असताना तोडू नये. त्या वेळी सालीच्या पेशी पाण्याने फुगलेल्या असतात आणि थोड्या दाबानेही तैलग्रंथी फुटतात. बाहेर आलेले तेल सालीलाच जाळते आणि पुढे तेथे डाग पडतात. तिसरा : तोडलेले फळ उन्हात किंवा थेट मातीवर ठेवू नये. ऊन त्याचे श्वसन वाढवते आणि मातीत कुजीची बुरशी असते.

८. ऱ्हासाचे तीन मार्ग

निर्दोष फळ घरी आल्यावर त्याचा ऱ्हास तीन मार्गांनी होतो.

पहिला श्वसनऱ्हास. फळ स्वतःतील शर्करा आणि आम्ले जाळते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाची गती सुमारे दुप्पट ते तिप्पट होते. उपाय : थंडावा.

दुसरा जलऱ्हास. सालीतून पाण्याची वाफ होते. सुमारे ५ टक्के वजन घटले की साल निस्तेज होऊन सुरकुतू लागते. २०० ग्रॅमच्या फळात हे प्रमाण १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी, एवढेच आहे. हे पाणी प्रथम मुख्यतः सालीतून जाते. त्यामुळे सुरकुतलेल्या मोसंबीत बराच रस शिल्लक असू शकतो, मात्र तिची साल चिवट होते. उपाय : दमट हवा.

तिसरा कवकऱ्हास, म्हणजे बुरशीने होणारा नाश. त्याला दोन गोष्टी लागतात : जखम आणि ओल. उपाय : अखंड साल आणि कोरडेपणा.

येथे विवेचनाची मुख्य अडचण समोर येते. दुसऱ्या ऱ्हासावरील उपाय तिसऱ्या ऱ्हासाला पोषक आहे. हवा दमट ठेवावी तर बुरशी वाढते. कोरडी ठेवावी तर फळ सुकते. म्हणून ‘मोसंबी अशी साठवावी’ असा बारमाही एकच नियम सांगता येत नाही. दोहोंपैकी कोणता ऱ्हास प्रबळ आहे हे ऋतू ठरवतो, आणि ऋतू बहाराशी बांधलेला आहे.

९. दोन बहार, दोन साठवणी

आंबिया बहाराची साठवण. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात, आश्विनात, अंबडच्या घरांत उपवासासाठी येणारी मोसंबी या बहाराची. या काळात हवेत पावसाळ्याची ओल असते, पतंगाचा उपद्रव नुकताच होऊन गेलेला असतो. प्रबळ शत्रू बुरशी. म्हणून नियम असे : (१) फळे आणल्यावर धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत आणि खाण्यापूर्वीच धुवावीत. (२) टोपलीत ढीग न करता एका थरात, एकमेकांना टेकणार नाहीत अशी पसरावीत. (३) वारा खेळेल अशी जागा निवडावी. बंद पिशवी वर्ज्य. (४) रोज एकदा प्रत्येक फळ पाहावे. बुरशी लागलेले फळ झटकन उचलू नये. त्यावर कागदी पिशवी हलकेच उपडी घालून, आतल्या आत धरून बाहेर काढावे. तसे न केल्यास हिरवी भुकटी हवेत उडते आणि उरलेल्या फळांवर बसते.

मृग बहाराची साठवण. चैत्राच्या सुमारास अंबडची हवा तापलेली आणि कोरडी असते. बुरशीला ओल मिळत नाही, पण फळाचे पाणी वेगाने जाते. प्रबळ शत्रू शुष्कता. म्हणून नियम उलटे होतात : (१) फळे झाकून ठेवावीत, वाऱ्याच्या झोतात ठेवू नयेत. (२) घरातील सर्वांत थंड कोपरा, माठाशेजारची जागा, निवडावी. (३) शीतकपाट असल्यास भाजीच्या कप्प्यात, बारीक छिद्रे असलेल्या पिशवीत ठेवावीत. मोसंबीला सुमारे ५ ते ८ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. त्यात ती काही आठवडे राहते. तापमान याहून फार खाली गेल्यास सालीवर खळगे पडतात. (४) थंड केलेले फळ बाहेर काढले की त्यावर दव जमते. ते पुसून लगेच खावे.

ज्यांच्याकडे माल अधिक आहे त्यांच्यासाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयुक्त आहे. विटांच्या दोन भिंती उभारून त्यांच्यामधील सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत वाळू भरतात, आणि वाळू व विटा ओल्या ठेवतात. पाण्याची वाफ होताना उष्णता घेतली जाते आणि आतली हवा थंड व दमट राहते. तत्त्व माठाचेच आहे. वाफ होण्यासाठी बाहेरची हवा कोरडी असावी लागते. म्हणून हा कक्ष चैत्रात उत्तम काम करतो आणि भाद्रपदात त्याचा लाभ थोडा. दोन बहारांसाठी दोन साठवणी हव्यात, या सिद्धांताचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

१०. मिश्र साठवण

आश्विनात मोसंबीबरोबरच सीताफळही घरात येते. दोन्ही एका टोपलीत ठेवण्याची सवय आहे. ती सोडली पाहिजे. सीताफळ, केळी, पिकता आंबा ही फळे इथिलीन सोडतात. त्याच्या संसर्गाने मोसंबी अधिक गोड होत नाही, हे तिसऱ्या आणि चौथ्या विभागांत सिद्ध झालेच आहे. मात्र देठाची चकती सैल होऊन गळते आणि देठाकडील कुजीला वाट मिळते. म्हणून मोसंबी वेगळी ठेवावी.

सीताफळाचा नियम स्वतंत्र आहे. डोळे मोठे होऊन त्यांच्यामधील खाचा पिवळसर–पांढऱ्या दिसू लागल्या की ते जून झाले. असे फळ घरात काही दिवसांत पिकते. कच्चे सीताफळ शीतकपाटात ठेवल्यास त्याची साल काळी पडते आणि ते नीट पिकत नाही. आधी पिकवावे, मगच थंड करावे.

११. रसाविषयी

काहींच्या मते मोसंबीचा रस काढून ठेवणे हाही साठवणीचा प्रकार होय. तो ग्राह्य नाही. अखंड फळात कडूपणा नसलेले एक संयुग असते. फोडी चिरडल्यावर रसातील आम्लाशी संबंध येऊन त्याचे हळूहळू लिमोनीन या कडू द्रव्यात रूपांतर होते. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि काही तास ठेवलेला कडवट होतो. बी व पांढरी साल त्यात चिरडली गेल्यास कडवटपणा वाढतो. मोसंबीचे सर्वोत्तम भांडे तिची स्वतःची साल आहे. ते फोडल्यावर विलंब करू नये.

१२. उपसंहार

प्रतिपादनाची साखळी अशी आहे. मोसंबी वृक्षपक्व आहे, म्हणून घरात तिचा गुण वाढत नाही. गुण वाढत नाही, म्हणून निवड निर्णायक आहे. निवडीत रंग फसवतो, म्हणून वजन, पोत, दाब आणि देठ पाहावे. निवडलेल्या फळाचा ऱ्हास तीन मार्गांनी होतो आणि त्यांवरील उपाय परस्परविरोधी आहेत, म्हणून साठवण बहारानुसार बदलावी.

या सर्व काटेकोरपणाचे प्रयोजन अंबडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. फुलापासून तोडणीपर्यंत मोसंबीला आठ–नऊ महिने पाणी लागते, आणि हा प्रदेश अवर्षणाचा आहे. २०१२–१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील बागा वाळल्या. अनेक शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन उरलेली झाडे जगवली. त्या पाण्याचा अंश प्रत्येक फळात असतो. टोपलीतील एक फळ दुर्लक्षाने कुजते तेव्हा तो अंश वाया जातो. रोज एकदा टोपलीपाशी थांबून प्रत्येक फळ हातात घेऊन पाहणे, एवढीच त्याची राखण आहे.